भरून टाकायचं नाही

आमच्या घरमालकांना वकील म्हणायचं की नाही, यावर हैदराबादच्या नल्लकुंट्यात एकमत नव्हतं. दारावर पाटी होती, काळा कोट होता, कोट ठेवायला पत्र्याची पेटीही होती. नव्हते ते फक्त अशील. "जज्जासमोर उभं राहिलं की मला खरं बोलावं वाटायलंय, मग अशील कुठून टिकणार?" असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. तेवढ्यात आत काकू, म्हणजे त्यांची बायको, एखादं पातेलं जरा जास्तच जोरात ठेवायच्या. गल्ली त्यांना वकीलसाब म्हणायची. मी तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागं काय म्हणायची, ते आता कशाला सांगू?

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा नव्याची नवलाई सगळ्या शहरातच होती. केबलवर रोज एखादं नवीन चॅनेल लागायचं, दर महिन्याला नवा साबण बाजारात यायचा आणि माझ्या नवऱ्याला काचीगुड्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती. मी विद्यानगरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. वकीलसाहेबांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. मूळचे ते इकडचेच, जुन्या हैदराबाद संस्थानातले. त्यांचं मराठी ऐकून पहिला महिनाभर मी तोंडाला पदर लावून हसले. त्यांनाही माझं मराठी ऐकून हसू यायचं, हे मला नंतर कळलं. "पुणेवाली बाई बोलायली की रेडिओ लागला वाटतंय," असं ते काकूंना म्हणाले होते म्हणे. घ्या!

माणूस विक्षिप्त म्हणजे किती असावा? एका महिन्यात माझा नवरा भाडं द्यायचं साफ विसरला. दुसरा घरमालक असता तर वर येऊन दार ठोठावलं असतं. हे गृहस्थ रोज संध्याकाळी जिन्याच्या अर्ध्यावर यायचे, खोकायचे, हवापाण्याची चौकशी करायचे आणि परत जायचे. मला वाटलं म्हाताऱ्याला कफ झालाय, म्हणून मी आल्याचा काढा नेऊन दिला. तो त्यांनी मुकाट्यानं प्यायलाही. शेवटी काकूंनीच मला कानात सांगितलं. मी शरमेनं अर्धमेली झाले आणि पैसे घेऊन खाली धावले. "अहो काका, मागायचं ना!" तर म्हणाले, "मागितलं म्हणजे तुम्ही दिलं नाही, असं मी म्हटल्यासारखं होतंय. तसं मी कुणाला कसं म्हणू?"

बाजारात मात्र हाच माणूस गल्ली डोक्यावर घ्यायचा. दुकानदाराला नोट दिली की ती हातातून सोडायच्या आधी ओरडायचा, "पन्नास की है! देख ले! पन्नास!" भाजीवाली असो की औषधाचं दुकान, नोटेचा पुकारा झाल्याशिवाय व्यवहार नाही. किराणा दुकानाचे सेठ तर त्यांना बघूनच हात वर करायचे, "हौ साब, पचास, सुन लिया पूरा मोहल्ला!" मला वाटायचं, संशयी आहे मेला, जगावर विश्वासच नाही. त्यात घरची सगळी खरेदी तेच करायचे. मीठ-मिरचीपासून काकूंच्या साड्यांपर्यंत! आणि साड्यांची त्यांची निवड अशी की बघवत नसे. मोहरीसारख्या पिवळ्यावर जांभळे मोठाले ठिपके! काकू बिचाऱ्या निमूटपणे त्या नेसायच्या. मी कितीदा म्हटलं, "काकू, चला की माझ्याबरोबर, तुमच्या पसंतीची एक तरी घेऊ." त्या म्हणायच्या, "नको बाई, मी दुकानात जात नाही." देवळात जायच्या, हळदीकुंकवाला जायच्या, पण दुकान नाही. मी मनात म्हटलं, नवऱ्यानं बायकोला चांगलीच मुठीत ठेवलीय. आणि पुणेरी माणूस एकदा मत बनवलं की ते बदलायची घाई करत नाही.

त्यांचा एक किस्सा माझा नवरा अजून रंगवून सांगतो. काचीगुडा स्टेशनजवळच्या इराणी हॉटेलात एकेका टेबलाला चार अनोळखी माणसं बसतात. वेटर मधोमध समोशांची थाळी आणून ठेवतो आणि उठताना जितके खाल्ले तितक्याचे पैसे द्यायचे. एके दिवशी माझा नवरा आणि वकीलसाहेब तिथं चहाला बसले. समोर विद्यापीठातला एक विद्यार्थी होता. तो उठला तसा वेटर ओरडला, "छे खाया, दो के पैसे देरा!" पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या आधी त्याच खुर्चीवर दुसरा कुणी बसून गेला होता आणि थाळी तीच राहिली होती.

वकीलसाहेबांनी बशीतला चहा तसाच ठेवला. "थाळी रखते वखत गिना था क्या?"

"नई गिना साब."

"फिर छे किधर से आए?"

वेटरनं गल्ल्याकडं बघितलं. गल्ल्यावरचे शेठ समजूतदार होते, हसत म्हणाले, "छोडो वकीलसाब, माफ किया." झालं! वकीलसाहेब आणखी तापले. "माफ कायकू? माफ बोले तो खाया बोले! बोलो, तुमचं याच्याकडं काही निघत नाही!" शेवटी शेठनी तसं म्हटलं तेव्हा कुठं हे बसले. बाहेर आल्यावर तो विद्यार्थी चाचरत म्हणाला, "अंकल, सच बोलूँ तो, चार खाया मैं." माझा नवरा म्हणतो, त्याला वाटलं आता म्हातारा पोराच्या कानाखाली वाजवणार. पण वकीलसाहेबांनी त्याला फक्त दाराकडं वळवलं. "मग आत जाऊन सांग आणि दे. तू सांगायचं असतंय ते. त्यांनी मनानं ठरवायचं नसतंय." आणि पोरगा खरंच आत गेला.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. आपल्यावर वेळ येईपर्यंत सगळंच हसण्यावारी नेता येतं.

त्याच सुमाराला आमच्या भागात पहिलं मोठं दुकान उघडलं. गारेगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि सगळ्यात अजब म्हणजे फळीवरची वस्तू आपली आपण उचलायची! 'सेठ, पाव किलो चहा द्या' म्हणायचं कामच नाही. शाळेतल्या सगळ्या बायका तिथं जाऊन आल्या होत्या, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया तर उठताबसता तिथंच. दाराशी एक फळा होता. त्याच्यावर 'आमच्याकडचे चोर' अशा अर्थाचं इंग्रजीत लिहून खाली फोटो लावलेले होते. एक म्हातारे गृहस्थ, एक कॉलेजातली मुलगी, असे काही. मीही ते बघून 'अगं बाई, चांगल्या घरातली दिसतेय' असं म्हणून पुढं गेले होते. तेव्हा जिभेला काही वाटलं नाही.

आता माझा पुणेरीपणा ऐका. आमच्या किराणा सेठकडून मी चहाचा पुडा घेतला होता. म्हटलं, नव्या दुकानात हाच पुडा कितीला आहे बघू या. भाव तोंडपाठ करून जाईल ती पुणेकरीण कसली? मी पुडाच पर्समध्ये घालून नेला. फळीपुढं उभी राहिले, पुडा काढला, त्यांच्या पुड्याशेजारी धरला, वजन वाचलं, किंमत वाचली, आठ आण्यांचा फरक बघून सेठला मनात दोन शिव्या दिल्या आणि माझा पुडा पर्समध्ये परत घातला. दुसरं काही न घेता दाराकडं निघाले, तर पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. "मॅडम, बॅग दिखाइए."

मागच्या खोलीत नेऊन त्यांनी माझी पर्स टेबलावर उलटी केली. रुमाल, खडूचे तुकडे, किल्ल्या, गोळ्यांची पट्टी आणि तो चहा. मॅनेजर सुटाबुटातला तरणा माणूस होता, बोलायला अगदी गोड. बिल आहे का, म्हणाला. किराणा सेठ बिल देतो का कधी? मग त्यानं एक छापील कागद पुढं सरकवला. मी वस्तू घेतली, पैसे दिले नाहीत, आता दहापट भरते आणि माफी मागते, असा मजकूर होता. सही करा, पैसे भरा, पाच मिनिटांत घरी जा. नाहीतर फळ्यावर. आणि हे सांगता सांगता त्यानं कॅमेरा काढून खटकन माझा फोटो घेतलासुद्धा. फोटोचा कागद कॅमेऱ्यातूनच हळूहळू बाहेर आला आणि त्यावर माझं तोंड उमटायला लागलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शाळेचं काय होणार, हेच डोक्यात. गणिताच्या बाईंचा फोटो चोरांच्या फळ्यावर लागला की दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं वर्गात उभं राहायचं? आणि उभं राहू तरी देतील का?

फोन करू दिला, एवढं खरं. आमच्याकडे फोन नव्हता, नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर लागेना, म्हणून मी घरमालकांकडं केला. काकूंनी उचलला. मी रडत रडत सांगितलं, "काकू, मला दुकानात धरून ठेवलंय, चोरी केली म्हणतात." मग काकू म्हणाल्या, आणि असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, "काही भरू नको. ऐकायलीस का? एक पैसा भरू नको. मी ह्यांना पाठवते."

वकीलसाहेब आले ते घरातल्या चपला घालून, बनियनवर काळा कोट चढवून. त्यांच्या मागोमाग माझा नवरा धापा टाकत आला. काकूंनी त्यालाही गाठलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि खिशात हात घालून मॅनेजरला विचारलं, "किती द्यायचे?"

त्याचा हेतू चांगलाच होता. बायकोला तिथून सोडवायचं एवढंच त्याच्या मनात होतं. पण माझ्या मनात आलं, अरे, आधी मला विचार तरी!

"हात बाहेर काढा, इंजिनीयरसाब," वकीलसाहेब म्हणाले. मग मॅनेजरकडं वळले. त्यांचं इंग्रजी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सावकाश आणि स्पष्ट. "तुमच्या माणसानं चोरी होताना बघितली म्हणता? चांगलं. मग ताबडतोब पोलिसाला बोलवा आणि या बाईंना त्याच्या ताब्यात द्या. तेवढा हक्क तुम्हाला आहे. पण खोलीत बसवून ठेवायचा नाही. पर्स उलटी करायचा नाही. बाईमाणसाची झडती घ्यायला बाई पोलीस लागते. आणि भीती घालून सही घेतली तर ती सही तुमच्याच गळ्यात येईल. लावा फोन पोलीस स्टेशनला. लावता की मी लावू?"

मॅनेजर गडबडला. "सर, पोलिसांची काय गरज? आम्ही तर मॅडमच्या भल्यासाठीच..."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "काका, किराणा सेठना बोलवा की! ते सांगतील त्यांच्याकडून घेतलाय म्हणून!"

"नक्को," वकीलसाहेब म्हणाले.

"नक्को काय? माझा जीव चाललाय इथं!"

"बाई, तुमच्याकडं सेठ आहे. उद्या जिच्याकडं सेठ नाही तिनं काय करायचं? आरोप ह्यांनी केलाय. सिद्ध ह्यांनी करायचं." मग मॅनेजरकडं वळून म्हणाले, "तुमच्या दुकानातला पुडा आहे म्हणता ना? मग दाखवा किती आले, किती विकले, किती उरले."

मला इतका राग आला म्हणून सांगू! सुटकेचा रस्ता समोर दिसतोय आणि हा माणूस तत्त्वं सांगत बसलाय. नवराही वैतागला. "काका, दहापट म्हणजे तरी किती होतात? भरून टाकू आणि जाऊ. इज्जतीचा प्रश्न आहे."

तेव्हा वकीलसाहेब खाली बसले. खुर्चीवर नाही, तिथल्या खोक्यावर. आणि मराठीत, फक्त आम्हा दोघांना कळेल असं बोलले.

"मी बी भरले होते. लग्नाला वर्षबी झालं नव्हतं. पथरगट्टीला साडीच्या दुकानात हिला घेऊन गेलो. ढिगातली एक साडी कमी भरायली म्हणाले. हिची पिशवी बघितली, पिशवीत काही नाही. तरी म्हणायले, बाईंनी दुसरीकडं दिली असंल. माणसं जमायली. कोर्टातले ओळखीचे दोघं त्या गर्दीत होते. माझा कोट नवा होता हो. मी म्हटलं, कटकट नको, भरून टाकू. भरले. साडीचे पैसे दिले आणि साडी नसताना घरी आलो. त्या दिवसापासनं ही दुकानाची पायरी चढली नाही. तुम्ही आज भरा. पण मग आयुष्यभर घरचं मीठ तुम्हीच आणा."

नवऱ्याचा हात खिशातून बाहेर आला.

पोलीस काही आले नाहीत, कारण मॅनेजरनं फोन लावलाच नाही. खोलीचं दार उघडलं, माझी पर्स मला परत मिळाली, चहा मिळाला. पण फोटो त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला. "हेड ऑफिसला विचारावं लागेल" म्हणाला. म्हणजे माझं तोंड त्याच्याच ताब्यात!

पुढचा पंधरवडा माझा जीव टांगणीला लागला होता. शाळेत जाता-येता मी त्या दुकानाच्या काचेतून फळ्याकडं बघायची. नवऱ्याशी धड बोलत नव्हते. तो बिचारा स्वतः चहा करून माझ्यापुढं ठेवायचा, मी तोंड फिरवायची. वकीलसाहेब मात्र लग्नघर असल्यासारखे कामाला लागले. रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली. ग्राहक मंचात कसं जायचं, कोंडून ठेवलं म्हणून फिर्याद कुठं करायची, सगळं त्यांनी मला जिन्यात उभं करून समजावलं. मॅनेजर एकदा घरी आला. मिठाईची टोपली आणि चांदीचं नाणं घेऊन! वकीलसाहेबांनी टोपली त्याच्या स्कूटरवर परत बांधून दिली. "हे कशाचं? बाई चोर नसतील तर हे फुकट घेणार नाहीत, आणि चोर असतील तर तुम्ही कशाला द्यायलात? जिथं आरोप केला तिथंच माफी मागायची. गर्दीच्या वेळेला. मोठ्यानं. आणि तो सगळा फळा काढायचा, फक्त ह्या बाईंचा फोटो नाही."

"बाकीचे तर खरंच चोर आहेत, सर!"

"कोर्टानं म्हटलंय? नाही ना? मग काढायचा."

कोर्टकचेरीचं नाव निघाल्यावर हेड ऑफिसही नरमलं असावं. रविवारी सकाळी माफी ठरली. आम्ही निघालो, तर खाली काकू चपला घालून तयार! वकीलसाहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. काही विचारायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

दुकानात ही गर्दी. माझ्या शाळेतल्या दोघीजणी होत्या, मुलांच्या आयाही होत्या. मॅनेजर पुटपुटत म्हणाला, "मॅडम को जो तकलीफ हुई..."

"तकलीफ नाही," वकीलसाहेब म्हणाले. "काय केलं ते बोला."

"हमने मॅडम पर झूठा इल्जाम लगाया," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मॅडमने कुछ नहीं लिया था. हम माफी मांगते हैं."

एका मुलाची आई टाळ्या वाजवायला लागली. मी भर दुकानात हमसून रडले, लाज वाटली नाही. फळा भिंतीवरून उतरला. मॅनेजरनं फोटो माझ्या हातात दिला. मी तो फाडणार, तेवढ्यात काकूंनी घेऊन निरखून बघितला. "चांगला आलाय की. फाडायलीस कशाला?" आम्ही सगळेच हसलो.

हसू ओसरलं, माणसं आपापल्या खरेदीला लागली. काकू फोटो हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मला असं कुणी म्हणालं नाही."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "ते दुकान तर कधीचंच बंद पडलंय गं. नाहीतर त्याला बी..."

"मी दुकानाचं म्हणत नाही."

ते गोंधळले. "मग? मला तर ठाऊकच होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"तू घेतली नव्हतीस ते."

काकूंनी फोटो माझ्याकडं दिला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय? पहिल्यापासनं. तुला काय वाटायलं होतं?"

"तुम्ही पैसे भरलेत," काकू म्हणाल्या. "काही न बोलता भरलेत आणि घरी येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला बी वाटतंय मीच घेतली. म्हणून मला दुकानात जाऊ देत नाही, म्हणून सगळं स्वतः आणता."

"अगं, मी तर तुला परत कुणी बोलू नये म्हणून... एकदा विचारायचंस की!"

"विचारलं असतं," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही गप्प बसला असतात, तर मी कुठं गेले असते?"

मी नवऱ्याचा हात धरला आणि त्याला बाहेर घेऊन आले. ती दोघं बराच वेळ बाहेर आली नाहीत.